आत्याच्या हौदातले नवे पाहुणे

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करून टाकते. गेल्या मे महिन्यात मी तीन दिवसांत बारा मासे मारले. जाळं टाकून नाही आणि खाण्यासाठी तर मुळीच नाही. अगदी कौतुकाने, स्वतःच्या पॉकेटमनीतून विकत आणून मारले! त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, त्याच्या बरोबर आठ दिवस आधी मी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या पेपरात ते मासे ज्या कारणाने मेले त्याच विषयावर दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते. आकृतीसकट.

हॉस्टेलवर हा किस्सा सांगितला तेव्हा सगळ्या पोटभर हसल्या. पण मग हळूहळू एकेक जण खोलीत येऊन विचारायला लागली, ‘अगं, आमच्या घरी पण मागच्या अंगणात टाकं बांधलंय, त्यात सोडलेले मासे टिकतच नाहीत, असं का होतं?’ स्टाफ क्वार्टर्समधल्या एका मॅडमनीही तेच विचारलं. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्यात, उरलेल्या माझ्या.)

माझी आत्या राळेगणसिद्धीला असते. हे सांगितलं की समोरचा लगेच अण्णा हजारेंबद्दल विचारतो, आत्याबद्दल कोणीच विचारत नाही! आपल्या सिव्हिलवाल्यांना राळेगण ठाऊक असतं ते पाणलोटामुळे. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला, वर्षाला ४००-५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पडला. १९७५ मध्ये अण्णा लष्करातून गावी परत आले, त्यानंतर गावकऱ्यांनी श्रमदानाने बांधबंदिस्ती केली, नालाबांध घातले, गळका पाझर तलाव दुरुस्त केला आणि विहिरींना पाणी आलं. त्यामुळे या गावात अजूनही पाणी मोजून वापरतात. हे सगळं सांगायचं कारण असं, की माशांवरच्या पुस्तकात ‘दर आठवड्याला पाणी बदला’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. राळेगणात ते एका ओळीत होत नाही. मामांना विचारावं लागतं. (आमच्याकडे आत्याच्या यजमानांनाही मामाच म्हणतात.)

तर आत्याने परसात एक सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, आत दोन फूट पाणी. म्हणजे ४८ घनफूट, साधारण १३५० लिटर. तिला त्यात कमळं लावायची होती, आणि डास होऊ नयेत म्हणून मासे सोडायचे होते. माझा आतेभाऊ सहावीत आहे, त्याला तर मासे हवेच होते. ‘ताई इंजिनिअर होणारे, ती आणेल,’ असं त्याने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलेलं.

पेपर संपल्या संपल्या मी पुण्यातून बारा लहान गोल्डफिश घेतले. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला रबरबँड. नगरच्या एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसले, वाडेगव्हाण फाट्यावर उतरले, तिथून जीपने गाव. मे महिन्यातली दुपार. हौद त्याच सकाळी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवलेला, पाणी कसं आरशासारखं स्वच्छ! मी पिशवीची गाठ सोडली आणि पाण्यासकट मासे हौदात ओतले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाने मूठमूठ खाद्य टाकलं. शेजारच्या मुलीने बिस्किट कुस्करून टाकलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी चार मासे उलटे तरंगत होते. रात्री आणखी तीन गेले. तिसऱ्या दिवशी उरलेले पाच. आतेभाऊ एकेक मासा हातात घेऊन पेरूच्या झाडाखाली पुरत होता आणि मोजत होता. बारावा पुरल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘ताई, तू पास होशील ना?’

त्या रात्री मला झोप आली नाही. परत येताना मी हौदातल्या पाण्याची एक बाटली गच्च बूच लावून बरोबर आणली आणि कॉलेज उघडल्यावर लॅबमध्ये तपासली. पीएच दहाच्या वर! तिथून पुढे मग मी या गोष्टीकडे आपण फेल्युअर ॲनालिसिस करतो तसं बघायला लागले. 

पहिला गुन्हेगार आपल्याच खात्यातला निघाला, सिमेंट. सिमेंट घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच तयार होतो, आणि काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच बाराच्याही वर असतो हे आपण शिकतो. शिकतो कशासाठी, तर त्यामुळे लोखंडी सळई गंजत नाही म्हणून! तोच चुना नव्या हौदाच्या भिंतीतून पाण्यात झिरपत राहतो. आपण २८ दिवस क्युरिंग करतो ते ताकदीसाठी. मासा त्या पाण्यात राहणार आहे हा विचार आय.एस. कोडमध्ये नाही, आणि गवंड्याच्या डोक्यातही नव्हता. पीएच जास्त झाला की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि कल्ले भाजल्यासारखे होतात.

पीएचला मराठीत ‘सामू’ म्हणतात हे मला मामांकडून कळलं. त्यांच्या माती परीक्षणाच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. ‘एवढं शिकली आन् सामू म्हाईत नाय?’ असं म्हणाले. नव्हतं माहीत. आता आहे.

दुसरा गुन्हेगार नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. गावोगावी पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात आणि ती टाकायलाच हवी. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक राहावं असा पिण्याच्या पाण्याचा नियम आहे. आपल्या पोटात गेलेलं एवढं क्लोरीन आपल्याला काही करत नाही. पण माशाच्या कल्ल्यांतून ते पाणी सतत वाहत असतं, आणि कल्ल्याची त्वचा इतकी पातळ की तेवढं क्लोरीनही त्याला बाधतं. उपाय सोपा आहे: पाणी उघड्यावर, उन्हात, एक-दोन दिवस ठेवायचं, मधून ढवळायचं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. मत्स्यालयाच्या दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हेच असतं. 

तिसरी चूक म्हणजे पिशवी ओतणं. यात मला सगळ्यात जास्त मजा वाटली, कारण वरवर सोपी दिसणारी ही गोष्ट अजिबात सोपी नाही. सगळ्यांना एवढं माहीत असतं, की पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं हौदात तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान एक होतं. ते बरोबर आहे. पण पिशवीत प्रवासभर आणखी एक गोष्ट चाललेली असते. मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाणी आम्लधर्मी होत जातं. मासा अमोनियाही सोडतोच (बराचसा कल्ल्यांतूनच), पण पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तो जवळजवळ सगळा अमोनियम आयनच्या रूपात, म्हणजे फारसा त्रास न देणारा असतो. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया व्हायला लागतो. म्हणजे पिशवी उघडून ‘हळूहळू सवय करू या’ म्हणत दोन-तीन तास वाटीवाटीने पाणी घालत बसलात तर मासा स्वतःच्याच जुन्या पाण्यात विषबाधा होऊन बसतो. प्रवास लांबचा असेल तर तापमान जुळेपर्यंत पिशवी बंद, उघडल्यावर पाच-पाच मिनिटांनी हौदाचं थोडं थोडं पाणी आत, आणि पंधरा-वीस मिनिटांत मासे ओंजळीने किंवा मऊ जाळीने हौदात. पिशवीतलं पाणी मात्र हौदात नाही, ते झाडाच्या बुंध्याला. 

गावातल्याच एका शेतकऱ्याचं प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे. त्यात ते कटला-रोहूची बोटुकली सोडतात. त्यांना हे सगळं रसायनशास्त्र सांगायला गेले तर ते म्हणाले, ‘बी सोडायचं ते सकाळी नायतर दिवस बुडताना. पिशवी आधी पाण्याव ठिवायची. उन्हाचं कोणी सोडतं का?’ म्हणजे माझ्या तीन पानांच्या नोट्स त्यांच्याकडे दोन वाक्यांत होत्या. 

आता मुख्य आरोपी, ज्याच्यावर मी दहा मार्क मिळवले होते. अमोनिया.

हिशोब करून बघू. माशांच्या खाद्यात साधारण एक तृतीयांश प्रथिनं असतात. असं एक किलो खाद्य माशांनी खाल्लं तर त्यातून साधारण ३० ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. आम्ही पोरासोरांनी मिळून दिवसाला २० ग्रॅम तरी टाकलं असेल. म्हणजे ०.६ ग्रॅम. ते १३५० लिटरमध्ये पसरलं तर लिटरला ०.४४ मिलिग्रॅम. दर दिवशी! न खाता तळाशी कुजलेलं वेगळं. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण विषारी अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला तरी कल्ल्यांना इजा व्हायला लागते.

आणि इथे तो सामू पुन्हा येतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, साधा आणि आयनच्या रूपातला. विषारी असतो तो साधा. ३० अंश तापमानाला पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी नसतो. पीएच ८ झाला की साडेसात भाग. ९ झाला की पंचेचाळीसच्या आसपास. आणि १० ला जवळजवळ नव्वद! म्हणजे तेच मासे, तेच खाद्य, तेवढंच पाणी जुन्या मुरलेल्या हौदात असतं तर कदाचित निभावलं असतं. आमच्या नव्याकोऱ्या हौदात निभावणं शक्यच नव्हतं. कोणता मासा नक्की कशाने गेला हे सांगता येणार नाही, पण पहिले चार क्लोरीन आणि चुन्याने, आणि मागचे आमच्या प्रेमाने, असं माझं मत आहे.

मुरलेल्या हौदात असं काय असतं? मंडळी, नायट्रिफिकेशन! नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसा त्रास देत नाही आणि झाडांना तर ते खतच आहे. हे जिवाणू विकत आणावे लागत नाहीत, हवा-माती-पाण्यातून येतातच. पण ते पाण्यात पोहत नाहीत, भिंतीला, दगडांना, खडीला चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या हौदात त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात मधे एक फसवा टप्पा येतो. साधारण दहा-पंधरा दिवसांनी अमोनिया उतरतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि तेव्हाच नायट्राइट चढलेलं असतं. नायट्राइट माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त चॉकलेटी दिसायला लागतं, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. म्हणून मासे सोडल्यानंतरचा पहिला दिवस जेवढा धोक्याचा तेवढाच पहिला महिना. बहुतेक लोक आठवडा गेला की निर्धास्त होतात.

ही वस्ती खडीवर वाढवून वरून पाणी सोडलं की त्याला काय म्हणतात? ट्रिकलिंग फिल्टर. परीक्षेत मी त्याची आकृती पेन्सिलने, स्केलने काढली होती. आणि हौदासमोर उभी राहिले तेव्हा तो एकदाही आठवला नाही!

जूनमध्ये मी आत्याला फोन केला आणि म्हटलं, मला अजून एकदा करू द्या. आत्या हो म्हणाली. मामा म्हणाले, ‘पाणी वाया जाणार नसंल तर कर.’ 

तर दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगते. हौद भरायचा, तीन-चार दिवस ठेवायचा, भिंती ताठ ब्रशने घासायच्या, पाणी काढायचं, पुन्हा भरायचा. असं चार वेळा. तिसऱ्या वेळी त्यात केळीच्या खोडाचे तुकडे टाकून कुजवले आणि चौथ्या वेळी चिंचेचा कोळ घातला. शेवटी पीएच पेपरवर आठच्या खाली रंग आला. पण चार वेळा १३५० लिटर पाणी काढून टाकायचं कुठे? चुन्याचं पाणी झाडांना नको. यावर तोडगा मामांनीच काढला. शेजारी गोठ्याच्या भिंतीचं काम चालू होतं, पाण्याचा बराचसा भाग तिच्या क्युरिंगला गेला. चुन्याचं पाणी, सिमेंटची भिंत. ही आयडिया मला सुचायला हवी होती, सिव्हिलची मी आहे.

मग फिल्टर. बाजारातले फिल्टर महाग, म्हणून कूलरचा छोटा पंप घेतला (हॉस्टेलवाल्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे). जुन्या बादलीच्या तळाला भोकं पाडली, तीत विटांचे तुकडे आणि खडी भरली, बादली हौदाच्या काठावर ठेवली. पंप हौदातलं पाणी बादलीत टाकतो, ते खडीतून झिरपत परत हौदात पडतं. पडताना हवा मिसळते तो वेगळा फायदा. त्यातल्या दोन मुठी खडी त्या शेतकऱ्यांच्या घरच्या जुन्या टाक्यातली, शेवाळ धरलेली, आणून टाकली. दह्याला विरजण लावतात तसं. पण विरजण निरोगी टाक्यातलंच हवं, नाहीतर जिवाणूंबरोबर रोगही येतो. आणि ही खडी पुढे कधीही नळाच्या पाण्याने धुवायची नाही, क्लोरीनने सगळी वस्ती मरते. धुवायचीच असेल तर हौदाच्याच पाण्यात खळबळायची. लाईट बराच वेळ गेली तरी खडी कोरडी होऊ द्यायची नाही, मधून मधून तांब्याने पाणी घालायचं. 

जिवाणूंना खायला अमोनिया लागतो आणि हौदात मासा तर एकही नाही. म्हणून जुलैभर आतेभाऊ रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या हौदात टाकत होता, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून. वरून जुनी मच्छरदाणी ताणलेली, डासांनी अंडी घालू नयेत म्हणून. आत्याच्या सासूबाई ओट्यावर बसून हे रोज बघत. शेवटी न राहवून म्हणाल्या, ‘मासं न्हाईत आन् ह्यो रोज जेवू घालतोय! पुण्याच्या पोरीनं काय खूळ लावलंय रं ह्याला?’

ऑगस्टमध्ये पाच मासे नेले. बारा नाही, पाच. तेही थेट हौदात नाही. आधी शंभर लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबात तीन आठवडे. याला क्वारंटाइन म्हणतात हे करोनानंतर कोणाला समजावून सांगायची गरज राहिली नाही. टबात जिवाणूंची वस्ती नसते म्हणून रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी उन्हात ठेवलेलं. हे सगळं आतेभावाने केलं. मी हॉस्टेलवर होते, तो रोज संध्याकाळी फोनवर रिपोर्ट द्यायचा. त्याने एक वहीच घातली होती. पहिल्या दिवशी खाद्य अजिबात नाही. (दमलेला मासा खात नाही, टाकलेलं फक्त कुजतं.) नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

सहाव्या दिवशी फोन आला, ‘ताई, एकावर मीठ सांडल्यागत दिसतंय.’ म्हणजे पांढरे ठिपके. हा एका सूक्ष्म परजीवीचा रोग, नव्या माशांत नेहमी दिसणारा. तो नवा माल आल्याबरोबर येतो आणि प्रवासाने मासा दमलेला असला की चढतो. त्याची खोड अशी, की माशाच्या कातडीत असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पिकला की गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहायला लागतात. मारता येतात ती फक्त ही पोहणारी पिल्लं. त्यामुळे ठिपके गेले म्हणून उपचार थांबवले की आठवड्याभरात रोग परत येतो. 

औषध काय? मीठ. साधं जाड मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला ३ ग्रॅम. टबाला ३०० ग्रॅम, पण एकदम नाही, दिवसभरात तीन वेळा विरघळवून. रोज ३० लिटर पाणी बदलताना नव्या पाण्यापुरतंच, म्हणजे ९० ग्रॅम मीठ घालायचं. मीठ उडून जात नाही, हे विसरून रोज ३०० ग्रॅम घातलं तर लोणचं होईल! मिठाचा दुसराही उपयोग आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात बाहेरून पाणी सतत शिरत असतं आणि अंगातले क्षार बाहेर झिरपत असतात. ते सांभाळायला त्याला कायम शक्ती लागते. पाण्यात थोडं मीठ असलं की तो भार हलका होतो. आणि मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. तीन आजारांवर एक औषध, आणि तेही वाण्याकडे मिळणारं. टबातलं खारं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही.

मीठ दोन आठवडे चाललं. एक मासा गेलाच. चार वाचले. पण मुद्दा असा, की हा रोग टबातच राहिला, हौदात गेला नाही. १३५० लिटरला लिटरमागे ३ ग्रॅम म्हणजे चार किलो मीठ, आणि कमळांचं काय झालं असतं ते वेगळंच.

सप्टेंबरमध्ये चार मासे हौदात गेले, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आठवड्याला पाचवा हिस्सा, म्हणजे २७० लिटर पाणी बदलायचं ठरलं. मामांनी ते पाणी पाटाने पपई, कढीपत्ता आणि वांग्यांना काढून दिलं. तसंही झाडांना पाणी घालावंच लागतं, ते आता हौदातून फिरून येतं आणि येताना नायट्रेट घेऊन येतं. वांग्यांचा रंग बघून मामांनी त्यानंतर पाण्याबद्दल एक शब्द काढला नाही. 

एकदाच घाबरायला झालं. तीन-चार दिवस आभाळ होतं, पाणी हिरवंगार झालेलं. पहाटे आत्याने बघितलं तर चारही मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. हिरवं पाणी म्हणजे शैवाल. ते दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री स्वतःच खातं, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्यात पाणी जेवढं गरम तेवढा ऑक्सिजन कमी मावतो: समुद्रसपाटीला २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. (उलट दुपारी हेच शैवाल कार्बन डायऑक्साइड खाऊन पीएच चढवतं. म्हणजे ऑक्सिजनची भीती पहाटे आणि अमोनियाची दुपारी.) आत्याला हे काही माहीत नव्हतं. तिने घागर घेतली, हौदातलंच पाणी भरून कमरेएवढ्या उंचीवरून परत ओतलं, पंधरा-वीस वेळा. मासे खाली गेले. लाईट नसताना यापेक्षा चांगला एरेटर मला माहीत नाही. नंतर हौदाच्या अर्ध्या भागावर शेडनेट बांधली, कमळाची पानं पसरली आणि पाणी निवळलं.

मग आम्ही आणखी तीन मासे आणले, अर्थात टबातून. एकूण सात. दिवाळीला मी गेले तेव्हा सहा होते. एक खंड्याने नेला, तो अमोनियाच्या खात्यावर लावू नये. आता वर जाळी आहे. 

एक राहिलं. फक्त डासांसाठी मासे हवे असतील तर गोल्डफिशपेक्षा गप्पी बरे. ते काटक असतात, डासांच्या अळ्या आवडीने खातात आणि आरोग्य विभागही ते सोडायला सांगतो. पण गप्पी काय किंवा गोल्डफिश काय, दोन्ही परदेशी. हौद नकोसा झाला म्हणून ओढ्यात किंवा तलावात सोडू नका. चिलापी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आज उजनीच्या जाळ्यात काय येतं ते भिगवणच्या कोणत्याही कोळ्याला विचारा.

रिझल्ट लागला तेव्हा मी आतेभावाला पहिला फोन केला. एन्व्हायर्नमेंटलमध्ये सत्तरपैकी एकावन्न. त्याने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. आता त्याला कोय मासे हवेत, मोठे, लाल-पांढरे. मी म्हटलं, आधी हौदाची खोली मोज. तो म्हणाला, ‘दोन फूट. कोयला पुरत नाय. मी मामांना अजून दोन फूट खणू का विचारलंय.’ कोणते मामा म्हटलं तर म्हणाला, ‘माझे मामा. म्हणजे तुझे पप्पा. पैसे त्यांनाच द्यायचेत.’

— तृतीय वर्ष, सिव्हिल